हुंडेकरी आणि जकातीचे नाके

आजच्या मराठी वाचकास ‘हुंडेकरी’ हा शब्द बहुधा एक आडनांव म्हणूनच परिचित असेल. फार तर मालवाहतुकीचा धंदा करणारा इसम एवढाच अर्थ त्यास ठाऊक असेल. परंतु दोनशें वर्षांपूर्वीं या शब्दानें ओळखला जाणारा मनुष्य केवळ ओझीं वाहून नेणारा नव्हता. हुंडा म्हणजे ठोक ठराव. बाब-बाब निराळी न मोजतां सर्व मिळून एक रक्कम ठरवावयाची, आणि मग नफा झाला तर आपला व तोटा झाला तरीहि आपलाच, असा हा व्यवहार. (लग्नाच्या बाजारांत याच शब्दाला जो अर्थ आला आहे त्याशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं.) अमुक माल अमुक पेठेपासून अमुक पेठेपर्यंत वाटेंतील सर्व जकाती भागवून निर्वेध पोंचता करीन, असा ठराव व्यापाऱ्याशीं करणारा तो हुंडेकरी.

आमच्या इतिहासकारांनीं राजांविषयीं लिहिलें, सरदारांविषयीं लिहिलें, अलीकडे रयतेविषयींहि पुष्कळ लिहिलें. पण सरकारचा नियम आणि व्यापाऱ्याचा माल यांच्यामध्यें उभा राहून ज्यानें आपलें पोट भरलें त्या या मधल्या मनुष्याकडे फारसें कोणी वळून पाहिलें नाहीं. पाहिलें तें बहुधा संशयानेंच. दलाल म्हटला कीं आपल्या भाषेला प्रथम शिवीच आठवते. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, एखाद्या राज्याचे नाके कसे चालत, ते बदलले म्हणजे कोणाचें काय झालें, हें पाहावयाचें असेल तर या मनुष्याच्या मागोमाग चालण्यासारखी दुसरी सोपी वाट नाहीं.

पेशवाईंतील जकातीची रचना प्रथम लक्षांत घेतली पाहिजे. तिचे मुख्य प्रकार तीन. माल जेथें भरला जाई तेथें द्यावयाची ती थळभरीत, जेथें विकला जाई तेथें द्यावयाची ती थळमोड, आणि शिक्का मारण्याबद्दल घेतला जाई तो छापा. यांखेरीज वाटेंतील नाके होतेच. आकारणी बहुधा बैलाच्या ओझ्यावर होई, आणि ती एकदां देऊन सुटका नसे; परगणा बदलला कीं पुन्हां नाका, पुन्हां मोजणी, पुन्हां कारकुनाची समजूत. जकातीचा वसूल पुष्कळ ठिकाणीं मक्त्यानें दिलेला असे. मक्तेदारानें सरकारास ठराविक रक्कम भरावयाची आणि नाक्यावर मिळेल तेवढें आपलें करावयाचें. अशा मक्तेदाराची दृष्टि दूरच्या व्यापाराच्या भरभराटीकडे असणार कशी? त्याचा मक्ता ठराविक मुदतीचा. हाताशीं आलेला बैल आज सोडला तर तो उद्यां आपल्याच नाक्यावर परत येईल याची त्यास खात्री नव्हती.

आतां कोंकणांतील एखाद्या बंदरावर उतरलेला माल घाट चढवून देशावरील दूरच्या पेठेस नेणाऱ्या व्यापाऱ्याची स्थिति मनांत आणावी. जकातींची एकूण रक्कम किती होईल हें त्यास निघतांना सांगतां येत नसे. आणि जी रक्कम आधीं सांगतां येत नाहीं ती किंमतींत धरतांहि येत नाहीं. जकात जड असणें ही एक अडचण आणि ती अनिश्चित असणें ही दुसरी. आमच्या मतें दुसरी अधिक वाईट. ही दुसरी अडचण हुंडेकरी दूर करी. पेशव्यांचें राज्य गेल्यावर माउंट्स्टुअर्ट एल्फिन्स्टननें जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला त्यांत या लोकांची नोंद आहे. शहरोशहरीं असे ठेकेदार असून ते एकाच रकमेंत माल सर्व मुलखांतून पार करून देतात. जिल्ह्याजिल्ह्यांतील जकातीच्या मक्तेदारांशीं त्यांचें आधींच संधान असतें, आणि मक्तेदारांच्या देण्यास तेच जबाबदार राहतात, असा त्याचा आशय आहे. इंग्रज अधिकारी नवीन मुलखांत आला असतां त्याच्या नजरेस ही गोष्ट भरावी यावरून तिचा पसारा लहान नसावा.

या व्यवहारांत हुंडेकऱ्याचें भांडवल कोणतें? पैसा लागे, परंतु मुख्य भांडवल माहिती आणि पत हेंच. कोणत्या घाटावर कोणता मक्तेदार आहे, कोठें सवलत मिळते, कोणाचा माफीचा कागद कोणत्या नाक्यावर चालतो व कोणत्या नाक्यावर चालत नाहीं, हें ज्ञान कोणत्याहि पोथींत नव्हतें. तें त्याच्या डोक्यांत आणि त्याच्या वहींत होतें. मक्तेदाराचाहि यांत फायदा. दर बैलामागें घासाघीस करीत बसण्यापेक्षां वर्षाकांठीं एका माणसाकडून ठोक रक्कम येणें त्यास बरें. म्हणून हुंडेकरी हा व्यापाऱ्याचा माणूस कीं मक्तेदाराचा, या प्रश्नाला सरळ उत्तर नाहीं. तो दोघांचाहि होता, आणि दोघांनाहि तो नको असूनहि हवा होता.

मक्ता दुसऱ्याकडे गेला कीं मात्र त्याचे सगळे ठराव पुन्हां नव्यानें बांधावे लागत. नवा मक्तेदार जुन्याची तडजोड मानीलच असें नाहीं. व्यापाऱ्याशीं केलेला हुंडा मात्र मोडतां येत नसे. मोडला तर पत गेली. नियम बदलल्याचा पहिला फटका अशा रीतीनें व्यापाऱ्याच्या आधीं हुंडेकऱ्यास बसे, आणि तो सोसण्याचेंच त्याला मोल मिळे. त्याला केवळ बांडगूळ म्हणणाऱ्यांनीं ही गोष्ट विचारांत घ्यावी. उलट ज्याचे स्वतःचे दोन-चारच बैल, ज्याचा माल एका ठरावाइतकाहि नाहीं, अशा लहान व्यापाऱ्यास हुंडेकऱ्याचा उपयोग थोडा. त्यास प्रत्येक नाका स्वतःच तोंड देऊन ओलांडावा लागे. नियमांच्या गुंतागुंतीचा भार नेहमीं असाच खालीं सरकतो, आणि मध्यस्थ असल्यानें तो नाहींसा होत नाहीं.

जकात म्हणजे केवळ लुबाडणूक होती असेंहि समजूं नये. शिवाजी महाराजांनीं १६७१ सालीं कुडाळच्या सरसुभेदारास मिठाच्या जकातीविषयीं जें पत्र पाठविलें तें प्रसिद्धच आहे. पोर्तुगिजांच्या बारदेशांतील मीठ स्वस्त पडूं लागलें तर व्यापारी तिकडेच वळतील आणि आपल्या मुलखांतील मिठाचा व बंदरांचा धंदा बसेल, म्हणून बारदेशच्या मिठावर अशी भारी जकात बसवावी कीं तें आपल्या मिठाहून महाग पडावें, असा त्या पत्राचा रोख आहे. आजच्या भाषेंत यास देशी धंद्याचें संरक्षण म्हणतात. या एका पत्रानें घाटावरून मीठ नेण्यास उतरणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा हिशेब उलटला असला पाहिजे.

१८१८ नंतर कंपनी सरकारनें प्रारंभीं हे नाके मोडले नाहींत. बंगाल्यांत चार्ल्स ट्रेव्हेलियननें १८३४ सालीं अंतर्गत जकातीवर जो अहवाल लिहिला त्यानें या पद्धतीची सालपटें काढलीं. सरकारास मिळणाऱ्या उत्पन्नाच्या मानानें रयतेस व व्यापारास होणारा जाच कितीतरी अधिक, हें त्यानें दाखवून दिलें. बंगाल्यांतील नाके १८३६ सालीं उठले. मुंबई इलाख्यांतील १८३८ च्या पहिल्या कायद्यानें उठले. मद्रासेकडील १८४४ सालीं. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत याचा उल्लेख एका वाक्यांत येतो आणि तो कंपनीच्या सुधारणांच्या खात्यांत जमा होतो. त्यांत तथ्य आहे, पण तें अर्धें. मुंबई इलाख्यांत या जकातींचें उत्पन्न बुडालें तें भरून काढण्यासाठीं मिठावर मणामागें आठ आण्यांचा कर बसला. पुढें १८४४ सालीं शहरांतील कर उठविले तेव्हां तो एक रुपयावर नेला, आणि सुरतेस दंगा झाल्यावर बारा आण्यांवर आणला. म्हणजे नाके उठले, कर उठला नाहीं. तो घाटावरून उतरून मिठागरांत जाऊन बसला. उत्तरेकडे तर मीठ व साखर यांच्यासाठीं सरकारनें सिंधु नदीपासून महानदीपर्यंत एक अजस्र जकातरेषा राखली व तिच्या कांहीं भागांवर कांटेरी कुंपणहि वाढविलें. तें प्रकरण १८७९ सालीं संपलें.

नाके उठल्यावर हुंडेकऱ्यांचें काय झालें? त्यांच्या ठरावांतून जकातीचा भाग गळाला आणि वाहतुकीचा भाग तेवढा उरला. भोर घाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं झालेला होता. १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी चढूं लागली. बैलांच्या तांड्यांबरोबर चालणाऱ्या हुंडेकऱ्याचा वंशज आतां मालधक्क्यावर दिसूं लागला. गाडीनें आलेला माल सोडवून पेठेंत पोंचविणें, पेठेंतला माल गाडींत भरून पावती आणून देणें, हें त्याचें काम झालें. नांव तेंच राहिलें आणि धंदा निराळा झाला. भाषेंत अशीं नांवें पुष्कळ असतात. देशपांड्याचें वतन गेलें तरी देशपांडे हें आडनांव जात नाहीं.

तथापि सर्वच नाके उठले होते असें मात्र नाहीं. संस्थानांच्या सरहद्दी होत्याच. सोलापूरच्या व्यापाऱ्यास मोंगलाईंत माल पाठवावयाचा तर हैदराबाद सरकारची करोडगिरी आड येई. १८०२ सालच्या तहानें त्या राज्यांतील जकातीचा दर शेंकडा पांच ठरलेला होता आणि पुढें तो बराच काळ टिकला. मराठवाड्यांतील वृद्धांच्या तोंडीं करोडगिरी हा शब्द अलीकडेपर्यंत होता.

परंतु सरहद्दीचे नियम फिरले म्हणजे काय होतें हें पाहावयाचें तर गोमंतकाकडे वळलें पाहिजे. इंग्रज व पोर्तुगीज सरकारांमध्यें १८७८ सालीं एक व्यापारी तह झाला आणि १८८० पासून तो अंमलांत आला. त्याअन्वयें दोन्ही मुलखांमधील जकातीचे नाके उठले. गोव्याच्या बंदरांत इंग्रजी हिंदुस्थानचेच दर लागू झाले, आणि मीठ तयार करण्यावर व विकण्यावर इंग्रजांची देखरेख बसली. याच्या बदल्यांत पोर्तुगीज सरकारास दरसाल चार लाख रुपये मिळावयाचे होते. मुरगांव बंदर आणि तेथून घाट चढून इंग्रजी हद्दीस मिळणारी आगगाडी हें या तहाचेंच अपत्य. कागदावर ही योजना उत्तम दिसे. घाटावरचा कापूस व धान्य मुरगांवास उतरेल, दोन्ही बाजूंस भरभराट होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत गोव्यांतील मिठागरें आपल्याच देशांत परक्याच्या हिशेबानें चालूं लागलीं, ताडीमाडीच्या धंद्यावर बंधनें आलीं, आणि पुष्कळ कुटुंबांनीं मुंबईची वाट धरली. १८९२ च्या आरंभीं तहाची मुदत संपली. तो पुन्हां झाला नाहीं. बारा वर्षें मोकळी राहिलेली वाट पुन्हां बंद झाली.

आतां लोहमार्ग तर तयार झालेला, आणि सरहद्द पुन्हां उभी. मग घाटमाथ्यावरील कॅसलरॉक हें स्थानक केवळ इंजिनें बदलण्याचें राहिलें नाहीं. तेथें जकातीची तपासणी होऊं लागली. गोव्यास जाणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांना कॅसलरॉकची ती झडती ठाऊक होती. एका बाजूचे कागद इंग्रजींत, दुसऱ्या बाजूचे पोर्तुगिजांत. एकीकडे कस्टम, दुसरीकडे आल्फांदेग. अशा ठिकाणीं दोन्ही भाषा, दोन्ही दरपत्रकें आणि दोन्हीकडील अंमलदारांच्या लहरी जाणणारा मनुष्य लागतोच. पोर्तुगीज भाषेंत त्यास देस्पाशांते म्हणतात. नांव परकें असलें तरी मूर्ति ओळखीचीच. तहाच्या बारा वर्षांत ज्याची गरज नव्हती त्याचीच गरज तह संपतांच दुप्पट झाली. पुढें १९५५ सालीं गोव्याशीं रेल्वेचें दळणवळण बंद पडलें, आणि १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाल्यावर ही सरहद्दच उरली नाहीं. कॅसलरॉकचें स्थानक आजहि आहे. तेथें आतां प्रवासी दूधसागरचा धबधबा कोणत्या बाजूनें दिसेल याचीच चौकशी करतात.

वीरमगांवची कथा याहून चमत्कारिक आहे, कारण तेथें दोन्ही बाजूंस हिंदी माणसेंच होतीं. काठेवाडांतील बंदरें संस्थानिकांचीं. तेथें उतरलेला माल आगगाडीनें इंग्रजी मुलखांत येई, म्हणून वीरमगांवास जकातीचा नाका. तेथील झडतीचा जाच वढवाण स्थानकावर मोतीलाल नांवाच्या एका शिंप्यानें १९१५ सालीं गांधीजींच्या कानावर घातला, आणि त्यांनीं तो प्रश्न व्हाइसरॉयापर्यंत नेला. १९१७ सालीं नाका उठला. हा वृत्तान्त त्यांच्या आत्मचरित्रांत असल्यानें बहुतेकांस ठाऊक असतो. दहा वर्षांनीं, १९२७ सालीं, तो नाका पुन्हां बसला ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. मध्यंतरीं नवानगरचें बेडी बंदर वगैरे बंदरें पुढें आलीं होतीं. तेथें माल उतरविणें फायद्याचें पडूं लागलें, आणि मुंबईच्या बंदराचें व सरकारी तिजोरीचें नुकसान होत असल्याची ओरड झाली. नाका उठला तेव्हां व्यापारानें आपली वाट बदलली. व्यापारानें वाट बदलली म्हणून नाका परत आला.

मुंबईच्या बंदरांत मात्र मध्यस्थाचें जीवन निराळ्या वळणानें गेलें. येथें प्रथम दुभाषे होते, मुकादम होते. कापसाच्या व्यापारांत मुकादम हा माल ताब्यांत घेणें, वजन करणें, सांठविणें, सोडविणें अशीं सर्व कामें पाही. १८७३ सालीं पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० सालीं प्रिन्सेस डॉक व १८८८ सालीं व्हिक्टोरिया डॉक तयार झाला, आणि बंदरावरील खाजगी धक्क्यांची सैल शिस्त गेली. त्यापूर्वींच १८७८ च्या सी कस्टम्स ॲक्टनें कस्टम हाउसांत दुसऱ्याच्या वतीनें काम करणाऱ्यास परवाना आवश्यक केला होता. ही घटना लहान दिसते, पण आमच्या मतें या सर्व इतिहासांत हीच सर्वांत महत्त्वाची आहे. हुंडेकऱ्याची सनद म्हणजे त्याची पेठेंतील पत. ती व्यापारी देत व व्यापारीच काढून घेत. कस्टम हाउसच्या एजंटाची सनद सरकारनें दिलेली. ज्या सरकारशीं पक्षकाराच्या वतीनें वाद घालावयाचा, त्याच सरकारच्या मर्जीवर याची रोजीरोटी, अशी ही स्थिति त्या दिवसापासून सुरू झाली व ती आजतागाइत चालू आहे.

१९४८ च्या मार्चची पहिली तारीख मुंबईच्या या लोकांस फार दिवस विसरतां आली नसेल. फाळणी आदल्या ऑगस्टांत झाली होती, पण जकातीच्या दृष्टीनें दोन्ही देश कांहीं महिने एकच मानले जात होते. त्या तारखेपासून पाकिस्तान हा परका मुलूख ठरला. मुंबईहून कराचीस जाणारें गलबत आदल्या दिवसापर्यंत किनाऱ्यावरच्या व्यापाराचें होतें, तें दुसऱ्या दिवसापासून परदेशीं निर्यातीचें झालें. गलबत तेंच, तांडेल तोच, मालहि तोच.

यानंतरचीं चाळीस वर्षें परवान्यांचीं. काय आणावें व काय आणूं नये हें दरसालच्या सरकारी आयात-धोरणाच्या पुस्तकावरून ठरे. त्याच्या तांबड्या पुठ्ठ्यावरून बाजारांत त्यास ‘रेड बुक’ म्हणत. नवें पुस्तक निघालें कीं जुनें ज्ञान रद्दी. १९६२ सालीं नवा कस्टम्स ॲक्ट आला; एजंटांच्या परवान्यांचे नियम १९६५, १९८४ व २००४ सालीं पुन्हां पुन्हां लिहिले गेले; परीक्षा आली. १९८६ सालीं मालाच्या वर्गवारीची जगांत सर्वत्र चालणारी पद्धति आपण स्वीकारली, आणि तेव्हांपासून एजंटाचें खरें कौशल्य आंकड्यांत शिरलें. एकच वस्तु एका सदरांत घातली तर एक दर, दुसऱ्यांत घातली तर दुसरा. वर्गवारीचा वाद किती काळ चालूं शकतो याचें उदाहरण उत्पादनशुल्कांतील आहे, पण तें येथेंहि लागू पडतें. लहान बाटलींतलें खोबरेल तेल हें खाण्याचें तेल कीं केसांचें, हा प्रश्न वर्षानुवर्षें लढला गेला आणि २०२४ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तें खाण्याचेंच तेल धरलें. आमच्या आजीबाईंस हा प्रश्न विचारला असता तर तिनें बाटली उलटी करून दोन्ही उपयोग करून दाखविले असते!

१९९१ नंतर परवाने गेले, दर उतरले, आणि पुढें संगणक आला. कागद घेऊन या मेजावरून त्या मेजावर फिरणें हेंच ज्यांचें कसब होतें त्यांचा धंदा बसला. २०११ पासून आयात करणाऱ्यानें आपली आकारणी आपणच करावयाची असा नियम झाला. २०२० सालीं तर न्हावाशेव्यास उतरलेल्या मालाची आकारणी दुसऱ्याच शहरांत बसलेला अंमलदार करूं लागला. त्याचा चेहरा नाहीं, त्याची ओळख नाहीं, त्याच्या दारांत बसावयास बाक नाहीं. ओळखीवर चालणाऱ्या धंद्यावर याहून मोठा आघात कोणता? त्याच वर्षीं दुसरा एक नियम आला. व्यापारी करारान्वयें कमी दर मागणाऱ्यानें, माल खरोखर त्या देशांत कसा तयार झाला याची माहिती आधींच जवळ ठेविली पाहिजे. एजंटास आतां नाक्याची माहिती पुरत नाहीं; दूर देशांतील कारखान्यांत काय चालतें तेंहि विचारावें लागतें.

२०१३ सालीं कायद्यांत त्याचें नांवहि बदललें. ‘कस्टम हाउस एजंट’चा ‘कस्टम्स ब्रोकर’ झाला. २०१८ च्या नियमांत त्याचीं कर्तव्यें सविस्तर दिलीं आहेत. पक्षकार खरा आहे काय, सांगितलेल्या पत्त्यावर तो धंदा करतो काय, हें यानें पडताळून पाहावें. पक्षकारास कायद्याप्रमाणें वागण्याचा सल्ला द्यावा, आणि तो ऐकत नसेल तर ती गोष्ट अंमलदाराच्या कानावर घालावी. यांत चुकला तर परवाना स्थगित, आणि परवाना स्थगित म्हणजे दुकान बंद. हुंडेकऱ्याचें धाडस पैशाचें होतें. जकात अंदाजाहून जास्त पडली तर त्याचें नुकसान होई, पण व्यापाऱ्याच्या पेटींत काय आहे याबद्दल त्याच्या अब्रूची झडती होत नसे. आजच्या ब्रोकरास जकातीच्या रकमेंत वांटा नाहीं, मिळावयाची ती मेहनताण्याची ठराविक रक्कम. परंतु पक्षकारानें फसविलें तर तोहि गोत्यांत. सरकारनें आपल्या पहाऱ्याचें अर्धें काम त्याच्याकडून फुकट करून घेतलें आहे, असें आम्हांस स्पष्ट दिसतें. या वर्गांत लबाड लोक नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. कोणत्या वर्गांत नसतात? पण थोडक्या मेहनताण्यावर शेंकडों पक्षकारांच्या खरेपणाची हमी मागणें हें न्यायाचें नाहीं.

नाका उठल्यावर त्याच्यावर जगणाऱ्यांचें काय, हा प्रश्न युरोपांत एकदां सरकारी दप्तरांत विचारला गेला. १ जानेवारी १९९३ रोजीं युरोपीय संघांतील देशांमधले जकातीचे नाके उठावयाचे होते. त्यामुळें एजंटांच्या धंद्याचा मोठा भाग एका रात्रींत जाणार हें ओळखून त्यांना नव्या परिस्थितीशीं जुळवून घेतां यावें म्हणून १९९२ सालीं खास नियमावली करण्यांत आली. आमच्याकडे १८३८ सालीं हुंडेकऱ्यांची अशी विचारपूस झाल्याचें दिसत नाहीं. पुढें ब्रिटन त्या संघांतून बाहेर पडलें, आणि १ जानेवारी २०२१ पासून तेथें नाका पुन्हां आला. मध्यंतरीं अठ्ठावीस वर्षें गेलीं होतीं. जकातीचे कागद भरणारीं माणसें पुरेशीं मिळेनात, तेव्हां तीं तयार करण्यासाठीं तेथील सरकारला अनुदानें द्यावीं लागलीं.

महाराष्ट्रांतील शेवटची मोठी जकात २०१७ सालीं गेली. नगरपालिकांची जकात त्यापूर्वींच, १९९९ सालीं, बंद झाली होती; पुणें, ठाणें, नागपूर वगैरे महानगरपालिकांत २०१३ पर्यंत तिची जागा स्थानिक संस्था करानें घेतली; मुंबईनें मात्र आपली जकात सोडली नाहीं. दहिसर, मुलुंड, मानखुर्द येथील नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा, आणि त्या रांगांच्या कडेला जकातीचे कागद भरून देणारे एजंट, हें दृश्य मुंबईकरांच्या नित्याच्या ओळखीचें होतें. अखेरीस या जकातीचें वर्षाचें उत्पन्न सात हजार कोटी रुपयांच्या आसपास होतें. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि त्या रात्रीं हे नाके बंद झाले. पालिकेस बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई देण्याचा कायदा झाला. पालिकेच्या नाक्यावरील कारकुनांना दुसऱ्या खात्यांत घेतलें गेलें. नाक्याबाहेर टेबल मांडून बसणाऱ्यांना अर्थातच कोणतेंहि खातें नव्हतें.

थळभरीत, थळमोड आणि वाटेवरचे नाके यांच्या जागीं आज एक इलेक्ट्रॉनिक कागद आहे. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजार रुपयांवरील मालाबरोबर ‘ई-वे बिल’ लागतें. तें माल धाडणाऱ्यानें काढावें किंवा घेणाऱ्यानें काढावें, आणि दोघांनींहि काढलें नाहीं तर वाहतूकदारानें काढावें, असा नियम आहे. लहान व्यापारी तें बहुधा वाहतूकदारावरच सोंपवितो. मालमोटार रस्त्यांत बिघडली, माल दुसऱ्या गाडींत घातला, तर त्या गाडीचा क्रमांक त्याच कागदांत घालावयाचा. मुदत संपत आली तर ती वाढवून घ्यावयाची. हीं कामें वाहतुकीच्या कचेरींत रात्रीं-अपरात्रीं चालतात, आणि त्यांचा आकार भाड्याच्या ठोक रकमेंतच धरलेला असतो.